खोड सांगून विकणे आहे

दस्तूभाई कुठल्याही गाडीकडे आधी समोरून बघत नसत. आधी मागून, मग बाजूने, आणि सगळ्यात शेवटी तोंडाकडे. कुणी नवी कोरी मोटार घेऊन पेढे द्यायला आला, तर पेढा तोंडात टाकून हे गाडीच्या मागे जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "पुढनं देखणी हाय. मागनं जरा उतरल्याली वाटती." पेढे देणाऱ्याचं तोंड मग गाडीपेक्षा जास्त उतरायचं.

त्यात त्यांचा दोष नव्हता. दस्तगीर शेख हे पिढीजात हेडी, म्हणजे बैलबाजारात जनावरांचे सौदे जुळवणारे. लोणंदपासून पार सांगलीकडच्या बाजारांपर्यंत आजोबा फिरले, वडील फिरले, हेही फिरले. पुढे रानात ट्रॅक्टर आले आणि धंदा बसला, पण नजर हेड्याची ती हेड्याचीच राहिली. तेव्हा माझं दुकान उंब्रजला महामार्गालगत होतं, त्यांच्या घरासमोर. मी फ्लेक्स छापतो, वाढदिवसाचे, निवडीचे आणि भावपूर्ण श्रद्धांजलीचे. माझे वडील पाट्या रंगवायचे म्हणून दस्तूभाई मलाही 'पेंटर' म्हणत. मी आयुष्यात ब्रश धरलेला नाही हे त्यांना कितीदा सांगितलं. "बापाचं नाव सोडू नये," म्हणून ते विषय मिटवायचे.

त्यांच्या दारात पत्र्याच्या शेडखाली एक जीप उभी असायची. साधीसुधी नव्हे, महायुद्धातली लष्करी जीप. साताऱ्याकडच्या एका सुभेदारानं ती लष्कराच्या लिलावात घेतली होती आणि दस्तूभाईंच्या वडिलांनी खिलारी बैलांची जोडी देऊन ती त्याच्याकडून घेतली. आयुष्यात तेवढ्या एकाच सौद्यात आपण फसलो, असं वडील शेवटपर्यंत म्हणत. जोडी गेली आणि पेट्रोल पिणारं जनावर दारात आलं. दस्तूभाईही तिला कधी गाडी किंवा जीप म्हणाले नाहीत. जनावरच म्हणायचे.

हे जनावर कुठल्या लढाईत होतं, ते चहावर अवलंबून असायचं. पहिल्या चहाला ब्रह्मदेश. दुसरा मागवला की आफ्रिका. एकदा मी भजी मागवली, तर ते थेट विलायतेपर्यंत जाऊन आले. जीपच्या डाव्या अंगाला अंगठ्याएवढं एक भोक होतं. त्यावर बोट ठेवून ते हळूच सांगायचे, "गोळी हितनं आत गेली." त्यावर घरातून त्यांच्या बायकोचा, खैरुनभाभींचा आवाज यायचा, "गंज हाय त्यो!"

"गोष्टीत चालतं," दस्तूभाई मला समजावायचे. "सौद्यात न्हाई चालत. सौद्यात खोड सांगूनच जनावर इकायचं."

हा त्यांचा धर्म होता. बैल मारका असेल, जुवाखाली बसत असेल, तर ते गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. भाव मात्र तोंडानं बोलायचा नाही. खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्या सख्ख्या भावालासुद्धा कळता कामा नये. आणि एकदा 'दिला' म्हणून हात दाबला, की मग आभाळ कोसळलं तरी सौदा मोडायचा नाही.

जीपला किल्ली नव्हती. लष्करानंच ठेवली नव्हती. लढाईच्या धामधुमीत किल्ली कुणाच्या खिशात आहे ते शोधत कोण बसणार? खटका फिरवायचा, पायाखालचं बटण दाबायचं, की चालू. म्हणजे कुणीही यावं आणि घेऊन जावं. त्यावर दस्तूभाईंनी उपाय केला होता. शेडपुढे बैलांचा जुना खुंटा होता. त्याला ते जीपचा पुढचा बंपर रोज संध्याकाळी दाव्यानं बांधायचे. मी म्हटलं, "अहो दस्तूभाई, चोर काय दावं सोडू शकत नाही?"

"सोडंल की. पर त्याला कळतंय, ह्ये कुणाचं तरी हाय म्हणून."

आता जिच्यामुळे पुढचं सगळं घडलं, ती जीपची मुख्य खोड. ती डावखुरी होती. तिचं स्टेअरिंग डाव्या बाजूला. म्हणजे आपल्याकडे जिथे ड्रायव्हर बसतो, तिथे, उजवीकडे, खैरुनभाभी बसायच्या. दर आठवड्याला दोघं कराडला बाजारहाटाला जात. भाभी वेळ वाया घालवणाऱ्यातल्या नव्हेत. जाताना लसूण सोलायच्या, येताना भाजी निवडायच्या. एकदा एका नव्या पोलिसानं समोरून जीप येताना पाहिली, आणि ड्रायव्हरच्या जागेवर एक म्हातारी बाई मान खाली घालून दोन्ही हातांनी मेथी निवडते आहे. तो बिचारा शिट्टी फुंकत आडवा आला.

"बाई! दोन्ही हात मेथीत घालून गाडी चालवता?"

"मग मेथी काय पायानं निवडू?"

"लायसन दाखवा!"

"मेथीला लायसन लागतंय व्हय आता?"

पोलीस वाकून बघतो तर आत स्टेअरिंगच नाही. त्याचा आवाज बसला. "स्टेअरिंग कुठं गेलं?"

"त्येंच्याकडं दिलंय," भाभींनी डावीकडे मान हलवली. तिकडे दस्तूभाई स्टेअरिंग धरून, आपला काही संबंध नसल्यासारखे उसाच्या रानाकडे बघत होते. मी हे खोटं सांगत नाही. मागे मी बसलो होतो, फ्लेक्सचा गठ्ठा मांडीवर घेऊन.

पण भाभी तिथे नुसत्या भाजी निवडायला बसत नव्हत्या. डावीकडे बसणाऱ्याला पुढच्या ट्रकच्या पलीकडचं दिसत नाही. समोरून काय येतंय ते उजवीकडच्यालाच कळतं. म्हणून मेथीतून मान वर करून भाभी बघायच्या आणि "थांबा" किंवा "मोकळं हाय, जाऊ द्या" म्हणायच्या. त्यांनी 'जाऊ द्या' म्हटल्याशिवाय दस्तूभाईंनी उभ्या आयुष्यात एकही ट्रक ओलांडला नाही.

मध्ये केव्हातरी माझ्या लक्षात आलं, की भाभींचं बोलणं वाढलंय. रस्ता रिकामा असला तरी चालूच. "म्हस हाय. डावीकडं खड्डा हाय. आता वळा. पेंटरचं दुकान आलं." मी गमतीनं म्हटलं, "भाभी, त्यांना माझं दुकान दिसत नाही का?" भाभींनी मला बाजूला घेतलं. "न्हाई दिसत," त्या म्हणाल्या. "काचबिंदू हाय. कराडच्या डॉक्टरनं गाडी बंद करायला सांगितलीया. दारातला दगड दिसत न्हाई त्येंना, आन् सकाळी उठून म्हनत्यात, चला कराडला."

मी आधी हसलो, आणि मग त्यांच्या मागे बसून कराडला किती वेळा गेलो ते मोजू लागलो.

जीप विकायची, असं भाभींनी ठरवलं. दस्तूभाई लगेच 'हो' म्हणाले. इतक्या लगेच, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाले, "पेंटर, मोबाइलवर टाकत्यात तसली जाहिरात लिव्हा. पर दोन गोष्टी. उभं जनावर बिघडतंय, तवा चालवणाऱ्याच्याच घरी जायला पायजे. आन् खोड लिव्हायची."

मी लिहिलं होतं, 'महायुद्धकालीन दुर्मिळ जीप, उत्तम स्थितीत.' ते त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं आणि 'उत्तम' खोडायला लावलं. "तुमी काय तिच्या अंगात बसून आलाय?" शेवटी जाहिरात झाली ती अशी:

'लढाईतली जीप खोड सांगून विकणे आहे. डावखुरी आहे. पावसात रुसते. उतारावर थांबायला वेळ घेते, आधीपासून सांगावे लागते. माणसाला मारत नाही. उभी करून ठेवणाऱ्याने येऊ नये.'

मी डोक्याला हात लावला. आणि फोन असे खणाणले, की मला फ्लेक्सची कामं सुचेनात.

पहिला आला तो पुण्याचा एक हौशी माणूस. हाफ पँट, हातात टॉर्च. जीपखाली आडवा होऊन तासभर ओरडत होता, "हा नट मूळचा आहे का? हे चाक मूळचं आहे का?" दस्तूभाई वैतागून म्हणाले, "आवं, माझं दात बी मूळचं न्हाईत." तरी भावापर्यंत गाडी आली. दस्तूभाईंनी टॉवेल टाकून हात पुढे केला. पाहुण्याला वाटलं, ही गावाकडची शेकहँडची पद्धत. त्यानं पाची बोटांनी दस्तूभाईंचा पंजा पकडला आणि चांगला गदागदा हलवला. विस्तवाला लागल्यासारखा दस्तूभाईंनी हात काढून घेतला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई. सायबांनी आत्ता अर्धं उंब्रज इकत घेतलं." मग टॉवेल झटकून म्हणाले, "चुकीचा हात आपण धरत न्हाई. या तुमी, सायेब."

दुसरा आला एक हॉटेलवाला. त्याला जीप दारात चौथऱ्यावर बसवायची होती, आत प्लास्टरचा शिपाई, वर दिवे, लोकांनी फोटो काढावेत म्हणून. मागे मोठा फ्लेक्स लागणार होता, तो मी करणार होतो. त्यामुळे मला माणूस सज्जन वाटला.

"चाकं फिरणार न्हाईत तिची?" दस्तूभाईंनी विचारलं.

"छे! खाली वेल्डिंग मारून टाकू. कोण नेणार नाही."

दस्तूभाईंनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. इथपर्यंत ठीक होतं. पण तिसरा आला तो लोणंदचा कांद्याचा व्यापारी, भला माणूस, मळ्यात फिरवायला म्हणून मागत होता. त्याला दस्तूभाई गंभीर चेहऱ्यानं सांगायला लागले, "अवसेला आपोआप हॉर्न वाजवतंय. एकदा तर दावं तोडून नदीवर गेलतं." व्यापारी दोन पावलं मागे सरकला आणि मग गेलाच. भाभी दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "बघितलं पेंटर? ह्यो माणूस कवा खोड लपवत न्हाई. आता नसल्याली सांगायला लागलाय. ह्येला इकायचीच न्हाई."

आणि त्याच आठवड्यात भाभी एका लग्नाला गेल्या असताना दस्तूभाईंनी दावं सोडलं. कराडला निघाले होते म्हणे, एकटे. रस्ता ओलांडून माझ्या दुकानापर्यंतच पोचले. दुकानाबाहेर मी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकटीवर ताणून वाळत ठेवला होता. जीप त्यातून आरपार गेली. दुकानाच्या पायरीला टेकून थांबली तेव्हा बॉनेटवर पुढाऱ्याचा हसरा चेहरा पसरला होता आणि 'आपणास उदंड आयुष्य लाभो' एवढं दस्तूभाईंच्या गळ्यात होतं.

"ह्यो काल हितं न्हवता," दस्तूभाई म्हणाले.

आम्ही सगळे पोट धरून हसलो. मीही हसलो. तेवढ्यात भाभी रिक्षातून उतरल्या. त्यांनी जीप पाहिली, पायरी पाहिली. त्या पायरीवर एरवी मी खुर्ची टाकून बसायचो. त्या हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आता गिऱ्हाईक आलं की सौद्याला मी बसनार."

गिऱ्हाईक आलं ते एसटीनं. साठीच्या एक बाई, काठापदराचं लुगडं, हातात कापडी पिशवी. सुनंदाआक्का चौगुले, सांगलीजवळच्या जैन शेतकरी घरातल्या, सासरे एकेकाळी हळदीच्या पेठेतले अडते. तिकडच्या बायका बोलतात तसं 'आलो, गेलो' बोलायच्या.

"जाहिरात वाचून आलो," आक्का म्हणाल्या. "घरी हसाय लागले सगळे. म्हटलं, खोड लिवणारा माणूस बघून तर येऊ या की ओ."

"चालवनार कोन?" दस्तूभाई.

"मीच की! मळ्यावर ट्रॅक्टर मीच चालवतो. गडी म्हणतात, आक्का, तुमी बसा. मी कशाला बसू?"

आणि मग आक्का उठल्या, जीपच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मागून बघितलं, बाजूने बघितलं, शेवटी तोंडाकडे आल्या. दस्तूभाईंना नीट दिसत नव्हतं, पण पावलांचा आवाज त्यांना कळत होता. त्यांचा चेहरा पडला. असं गिऱ्हाईक टाळता येत नाही, हे हेड्याला कळतं. त्यांनी अवसेच्या हॉर्नची खोड सांगून बघितली. आक्का म्हणाल्या, "बरंच झालं की. अवस कधी आली ते कळंल." नदीची गोष्ट काढली. "आमची विहीर जवळ हाय, लांब जायाला नको."

"भाव टॉवेलाखाली हुतोय आमच्यात," दस्तूभाईंनी शेवटचा खुंटा ठोकला.

"आमच्या पेठेत बी तसंच हुतं. मला येतंय."

आता पंचाईत झाली. परक्या बाईचा हात टॉवेलाखाली धरायचा? दस्तूभाई पाच वेळा नमाज पढणारे, आक्का चातुर्मास पाळणाऱ्या. दोघंही एकमेकांकडे बघेनात. भाव तोंडानं बोलायचा तर दस्तूभाईंचा नेम मोडणार. "मग जमत न्हाई," असं म्हणताना दस्तूभाईंच्या आवाजात जरा जास्तच आनंद होता.

तेव्हा भाभी पुढे आल्या, दोघांच्या मध्ये बसल्या. "त्येंचा हात माझ्या ह्या हातात. तुमचा ह्या हातात. त्येंनी दाबलं ते मी तुमाला दाबीन."

"तुला बोटांची खूण येते?" मी आश्चर्यानं भाभींना चक्क एकेरीत विचारून बसलो.

उत्तर दस्तूभाईंनी दिलं, जमिनीकडे बघत. "नवं लगीन झाल्यालं. घरात बावीस मानसं, बोलायची चोरी. बाजाराला किती दिस चाललोय, त्ये जेवताना दस्तरखानाच्या कापडाखालनं बोटांनी सांगायचो." आणि चक्क लाजले.

दोन टॉवेल पडले. दस्तूभाईंनी भाभींचा डावा हात दाबला. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं, की आकडा असा सांगितलाय, की आक्कांनी उठून सरळ एसटी स्टँड गाठावा. भाभींनी डोळे मिटले. मग उजव्या टॉवेलाखाली काहीतरी हललं. आक्कांनी भुवया उंचावल्या, भाभींकडे बघितलं. पुन्हा काहीतरी हललं. आणि आक्का म्हणाल्या, "घेतली."

"आँ?" दस्तूभाई.

"दिली म्हना," भाभी म्हणाल्या. "हात दाबलाय."

दस्तूभाईंनी "दिली" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आक्कांनी पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं काढून त्यांच्या हातात ठेवलं. दस्तूभाईंनी ते सोडलं नाही, मोजलं नाही. फक्त तळहातावर तोललं. मग हळूहळू मान बायकोकडे वळवली. घरात ते दोघं दखनीत बोलत, आमच्यापुढे कधी नाही. त्या दिवशी बोलले.

"हात फिराई क्या गे तू?"

"हौ. फिराई."

त्यांनी दाबलेला आकडा भाभींनी पलीकडे देताना उतरवला होता. बाजारातल्या कुणी त्यांना कधी फसवलं नव्हतं. वडिलांसारखाच त्यांचाही एक सौदा शेवटी हुकला, आणि तोही घरच्याच हातानं. पण हात दाबलेला होता. दस्तूभाई मोठ्यानं हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि मला म्हणाले, "पेंटर, हेडी ही हाय. मी आपला नुसता हिंडत हुतो."

मग ते उठले, चाचपत जीपपाशी गेले, बॉनेटवर दोनदा थोपटलं आणि खुंट्याचं दावं सोडून हातावर गुंडाळायला लागले. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं, घेणाऱ्यानं आपलं आणायचं असतं. आक्कांना हे कोण सांगणार, असं मला वाटत होतं, तोवर आक्कांनी पिशवीत हात घालून नवं कोरं दावं काढलं. दस्तूभाईंनी ते बोटांनी चाचपून बघितलं. पीळ घट्ट होता. "जावा घिऊन," म्हणाले. "उतारावर आधीपासनं सांगा तिला."

आक्का डावीकडे चढून बसल्या, बटण पायानं दाबलं. जीप पहिल्याच झटक्यात चालू झाली. दस्तूभाईंना त्याचा थोडा राग आला असावा.

पुढे महामार्ग आणखी रुंद झाला. त्यात माझं दुकान गेलं आणि मी कराडला जागा घेतली. शेवटचं सामान टेंपोत चढवत होतो, तेव्हा समोर बघितलं. रिकाम्या शेडखाली दोन प्लास्टिकच्या खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या होत्या. डावीकडच्या खुर्चीत दस्तूभाई, मांडीवर दाव्याची गुंडाळी. उजवीकडच्या खुर्चीत भाभी, मांडीवर मेथी. मी निघतो म्हणायला रस्ता ओलांडू लागलो, तर भाभींचा आवाज आला.

"एसटी हाय. तिच्यामागं उसाचा ट्रॅक्टर. पेंटर निघालाय, सामान घिऊन. थांबा जरा."

दस्तूभाई दोन्ही हात पुढे धरून थांबले होते. एसटी गेली. ट्रॅक्टर गेला. भाभींनी मेथीतून मान वर करून लांबवर बघितलं.

"मोकळं हाय," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या."

आणि दस्तूभाईंनी उजवा पाय जमिनीवर हळूच दाबला.